देवाचा हप्ता भरून ठेवावा का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक नाशिकचे, पन्नाशीला टेकलेले, बरीच वर्षं आयुर्विमा एजंट. कॉलेजपासून देव मानत नाहीत, पण त्यावरून घरात कधी वाद घातला नाही. पूजा पत्नी करते. दोन महिन्यांपूर्वी वडिलांची बायपास झाली. ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गणपतीची तसबीर होती, तिच्यासमोर यांचे हात आपोआप जोडले गेले. वडील सुखरूप घरी आले. मग पत्नीच्या माहेरच्या ओळखीतल्या गुरुजींनी पितृदोष सांगितला आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या म्हणाले. पत्नीचा आग्रह आहे, आणि तिचा युक्तिवाद यांच्याच धंद्यातला: "हप्ता लहान, जोखीम मोठी. देव नसला तर थोडे पैसे आणि तीन दिवस गेले. असला तर?" यांच्याकडे उत्तर नाही. उलट रात्री झोप उडते तेव्हा तो हिशेब पटू लागतो. रोजची पूजाही सुरू करावीशी वाटते, पण मनात नसताना केलेली पूजा म्हणजे ढोंग, असंही वाटतं. अकरावीतल्या मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही मानायला लागलात का?" हे म्हणाले, "मानायला काय जातं?" तेव्हापासून आपलंच वाक्य टोचतंय. त्यांचा प्रश्न: सुरक्षित म्हणून देव मानणं शहाणपणाचं आहे का?

नमस्कार.

आधी तुमच्या पत्नीला दाद देते. ज्या वाक्यांवर तुम्ही आजवर गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्यात, तीच त्यांनी तुमच्यापुढे ठेवली. निरुत्तर झालात याचं वाईट वाटून घेऊ नका, या हिशेबाने भल्याभल्यांना पेचात टाकलंय.

हा हिशेब ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो फ्रान्सचा गणिती आणि तत्त्वचिंतक ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) एका अर्थी तुमच्या व्यवसायाचा मूळपुरुष. जुगाराचा डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटून घ्यायचे, यावर १६५४ साली त्याची आणि पिएर द फर्मा या गणितज्ञाची पत्रापत्री झाली आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला. तुमची कंपनी हप्ता ठरवते ती याच गणिताच्या जोरावर. पास्काल गेल्यावर त्याच्या कागदांतली टिपणं १६७० साली छापली गेली, त्यांत ही पैज आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही. पण 'मी खेळतच नाही' असंही म्हणता येत नाही, कारण माणूस जसा जगतो तोच त्याचा कौल. मानलं आणि देव असला तर अनंत लाभ. नसला तर गमावलं ते किरकोळ. तेव्हा मानावं.

आपल्याकडे याच चालीचं एक सुभाषित आहे: 'नास्ति चेन्नास्ति नो हानिरस्ति चेन्नास्तिको हतः'. परलोक नसेल तर आपलं काही बिघडत नाही, असला तर मात्र नास्तिक मेला. म्हणजे तुमच्या पत्नीला इथेही पाठिंबा आहे, तिथेही. तरीही मला हा सौदा पटत नाही. का, ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते.

तुम्ही पॉलिसी विकता तेव्हा समोरच्याला कंपनी कोणती हे ठाऊक असतं. मृत्युमानाचे तक्ते असतात, अटी छापलेल्या असतात, गेल्या वर्षी किती क्लेम दिले ते जाहीर होतं. इथे यातलं काहीच नाही. पैसे कोणत्या खिडकीवर भरायचे हेसुद्धा नक्की नाही. दिदरो या फ्रेंच विचारवंताने पास्कालला नेमकं इथे गाठलं होतं: हाच युक्तिवाद एखादा इमामही तितक्याच जोराने करू शकेल. यावर तुमच्या घरी उत्तर तयार असेल, की सगळे देव एकच, कुठेही हात जोडा, पोचतो. भावना म्हणून मला ती प्रिय आहे. पण 'फक्त आमच्याच वाटेने या, बाकीच्या वाटा नरकात जातात' असं सांगणारे धर्मही जगात आहेत आणि त्यांच्या हिशेबात तुमचा त्र्यंबकचा हप्ता जमा होत नाही. जोखीमच टाळायची तर सगळ्यांकडे भरायला हवा, आणि त्यातले काही दुसरीकडे भरलेलं खपवून घेत नाहीत.

त्या अनंताचंही तसंच. अनंताला कितीही बारीक शक्यतेने गुणलं तरी उत्तर अनंतच. म्हणजे उद्या कुणी सांगितलं की रोज डाव्या पायाने उंबरा ओलांडलात तर मोक्ष, तर शक्यता कोटीत एक धरूनही हा हिशेब 'ओलांडा' असंच म्हणणार. जो हिशेब येईल त्या प्रस्तावाला 'घ्या' म्हणतो, तो तुम्हाला निवड करायला काय मदत करणार? असा सल्ला देणाऱ्या एजंटला तुम्ही तरी जवळ केलं असतं का?

पण माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. प्रपोजल फॉर्म भरून घेताना तुम्ही गिऱ्हाइकाला काय बजावता? काही लपवू नका. बिडी ओढत असाल तर ओढतो म्हणून लिहा, साखर असेल तर साखर लिहा, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारला जाईल. विम्याचा सगळा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. आता तुमचा प्रस्ताव बघा. 'माझा विश्वास आहे' असं म्हणून सही करायची, आणि विश्वास नाही ही एकमेव महत्त्वाची गोष्ट लपवायची. तीही कुणापासून, तर ज्याच्यापासून काहीच लपत नाही असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्याच्यापासून. माणसांच्या कायद्यात कलम ४५ आहे, आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं चालली की कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. चित्रगुप्ताकडे अशी सवलत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

उलट बाजूनेही बघा. गोपाळ गणेश आगरकर देवाच्या बाबतीत अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. त्यांच्या सुधारकी मतांमुळे सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि ते चाळिशीही न गाठता १८९५ साली गेले. एखादा देव आगरकरांना शिक्षा देऊन 'असला तर बरा' म्हणून हात जोडणाऱ्याला बक्षीस देत असेल, तर त्याच्या न्यायबुद्धीविषयी मला शंका येईल. तुम्हालाही यावी.

आता 'काय जातं?' हा भाग. तुम्ही दोघांनीही इथे हप्ता लहान धरलाय. सत्यनारायणाची पोथी आठवा. साधुवाणी मूल झालं तर पूजा करीन म्हणतो. मुलगी होते. मग तिच्या लग्नात करू म्हणतो. लग्न होतं, पूजा राहते. पुढे चोरीचा आळ येऊन जावयासह तुरुंगात पडतो. त्याचा तुरुंग व्रत न केल्याचा नाही, बोलून न केल्याचा आहे. नवसाच्या, दोषाच्या, शांतीच्या वाटेवर पहिला हप्ता भरला की पॉलिसी चालू होते, आणि चालू पॉलिसी लॅप्स होण्याची धास्ती ती न घेण्याच्या धास्तीपेक्षा मोठी असते. आज नागबळी. पुढच्या वर्षी वडिलांना पुन्हा धाप लागली, तर 'विधीत काही राहिलं असेल' हा विचार रात्री दोन वाजता कुणाला येणार? तुम्हालाच.

खुद्द पास्कालने तरी कुठे किरकोळ हप्ता भरला? शेवटच्या दिवसांत त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. या आजारी माणसाने त्यांना बाहेर काढलं नाही, स्वतः घर सोडून बहिणीकडे राहायला गेला आणि तिथेच ऑगस्ट १६६२ मध्ये गेला. वय ३९. मनापासून मानणाऱ्याचं बरंच काही जातं, आणि त्याची त्याला तक्रार नसते. ज्याचं काहीच जात नाही त्याला मानणं म्हणावं का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते.

पास्कालची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ज्या १६५४ साली त्याने जुगाराच्या वाटणीची पत्रं लिहिली, त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला काहीतरी झालं. काय, ते कुणी सांगू शकत नाही. त्याने घाईघाईत काही ओळी लिहून ठेवल्या. त्यात 'अग्नी' असा एकच शब्द एका ओळीत आहे. पुढे लिहिलंय: अब्राहामचा देव, इसहाकचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. हा कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून घेतला. हयातीत त्याबद्दल त्याने वाच्यता केल्याचं दिसत नाही. तो गेल्यावर नोकराच्या हाताला अस्तर जाड लागलं, तेव्हा कागद सापडला.

म्हणजे पैजेचा जनक स्वतः पैज लावून श्रद्धेपर्यंत पोचला नव्हता. पैज त्याने इतरांसाठी मांडली, पत्ते खेळणाऱ्या, हिशेबी, संशयी मित्रांसाठी. आणि 'पटतंय, पण विश्वास बसत नाही' म्हणणाऱ्याला त्याचाही सल्ला एवढाच होता की मानत असल्यासारखं वागायला लागा, तीर्थ घ्या, प्रार्थनेला बसा, सवयीने श्रद्धा येईल. त्यालाही ठाऊक होतं की ठरवून विश्वास बसत नाही. आज गुरुवार आहे असं मी तुम्हाला लाख रुपये देऊन मानायला लावू शकत नाही. 'मानतो' म्हणायला लावू शकते.

आता जिन्यापाशी जोडलेल्या हातांविषयी. तुमच्या सगळ्या पत्रात मला महत्त्वाची वाटली ती ही जागा, आणि तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत, जणू चोरी पकडली गेली. आत वडिलांची छाती उघडलेली होती. त्या क्षणी तुम्ही शक्यता मोजल्या नाहीत, लाभ-हानीचा तक्ता केला नाहीत. ती हाक होती. हाक मारताना माणूस समोर कुणी आहे की नाही याची खात्री करून घेत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडलेला आर्त त्या यादीत पहिला आहे, आणि पुढे कृष्ण म्हणतो की हे सगळेच उदार आहेत. काहीतरी मिळावं म्हणून येणाऱ्यालाही त्याने हाकललेलं नाही, ज्ञानी मला जास्त जवळचा एवढंच म्हटलंय. तेव्हा त्या दिवशीच्या हातांबद्दल शरम नको आणि त्यांचा पुरावाही करू नका. 'त्या दिवशी हात जोडले म्हणजे मी आतून आस्तिकच' हे जितकं घाईचं, तितकंच 'मी ढोंगी' हेही.

माझ्या मते तुमची झोप परलोकाने उडवलेली नाही. वडील जाऊ शकतात हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलंत. आणि रांगेत पुढचे आपण, हेही. आयुष्यभर दुसऱ्यांशी मरणाबद्दल बोलून पैसे मिळवणाऱ्या माणसाला हे घरी बोलता येत नसेल, तर ते मी समजू शकते.

मघाच्या सुभाषिताची पहिली ओळ मी मुद्दाम ठेवून दिली होती. ती अशी: 'सन्दिग्धे परलोकेऽपि कर्तव्यः पुण्यसञ्चयः'. परलोकाविषयी शंका असली तरी पुण्य जोडावं. काय मानावं हे यात नाही, काय करावं हे आहे. बुद्धाचं बोलणंही असंच होतं. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या अपण्णक सुत्तात साला गावच्या गृहस्थांना तो सांगतो की परलोक नाही असं क्षणभर धरलं, तरी नीट वागणाऱ्याला शहाणी माणसं इथेच चांगलं म्हणतात, आणि असला तर तिथलंही साधलं. दोन्हीकडून जमेचीच बाजू. ही पैज मला मान्य आहे, कारण तिच्यात स्वतःशी खोटं बोलावं लागत नाही. ज्या वॉर्डात तुमचे वडील होते तिथे रात्री डबा नसलेले नातेवाईक तुम्ही पाहिले असतीलच. तुमच्याकडे क्लेमचे कागद धड भरता न येणाऱ्या विधवा येतात, कमिशनचा काही संबंध नसताना त्यांच्याबरोबर बसता येतं. ही जागा मी तुम्हाला शिकवायला नको.

आणि धर्माचा विचार डोक्याने करूच नये असं माझं म्हणणं नाही. तुमच्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं. पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालला होता आणि दार काही उघडलं नव्हतं. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेईपर्यंत त्यांनी २१ वर्षं घेतली. वाचलं, तपासलं, आणि निवडला तो ईश्वर नसलेला धर्म. मेल्यावर काय मिळेल हा त्यांचा निकष नव्हता, जिवंत माणसाला हा धर्म माणूस म्हणून वागवतो का, हा होता. निवड करायचीच तर सवड काढून, उजेडात करावी. बायपासनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, मध्यरात्री नको.

आता करायचं काय?

नागबळीत प्रेक्षक म्हणून बसता येत नाही हे लक्षात घ्या. तीन दिवसांचा विधी आहे. संकल्प सोडताना हातावर पाणी घेऊन स्वतःचं नाव, गोत्र आणि हेतू उच्चारायचा असतो. सगळीकडे नुसतं मम म्हणून निभावून न्याल, पण ते म्हणणारे तुम्हीच असाल. म्हणून पत्नीला एक प्रश्न विचारा, भांडणाच्या सुरात नको: गुरुजींनी दोष सांगितला नसता, तरी आपण हा विधी केला असता का? उत्तर 'हो, माझ्या मनात होतंच' असं आलं, तर ती त्यांची श्रद्धा आहे. मग तुम्ही मोकळेपणाने म्हणू शकता, "मला यातलं पटत नाही, पण तुझ्यासाठी मी बरोबर बसेन." असं सांगून बसलेल्या माणसाला ढोंगी कुणी म्हणणार नाही. उत्तर 'भीती वाटते' असं आलं, तर भीतीबद्दल बोला. तिच्यावर वडिलांच्या डॉक्टरांशी अर्धा तास निवांत बोलणं हा मला जास्त सरळ उपाय वाटतो. पुढची तपासणी कधी, काय दिसलं तर धावायचं, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. बाहेरून कुणी दोष सांगितला म्हणून घाईने तारीख ठरवू नये, कुणीच. आणि औषधांच्या पैशाला हात लावून तर मुळीच नाही.

रोजच्या पूजेचं एवढं ओझं घेऊ नका. फुलं आणून द्या, समई लावा, आरतीला टाळ वाजवा. आपल्याकडे गणपतीत मखर बांधणारे निम्मे लोक वर्षभर हात जोडत नाहीत आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. मीही देवळात जाते ती बरेचदा गाभाऱ्यातल्या गारव्यासाठी. घरातल्या माणसांबरोबर बसणं ही काही कबुली नव्हे. मंत्र म्हणताना जीभ अडखळत असेल तर गप्प बसा. काही महिन्यांनी त्या शांत दहा मिनिटांत तुम्हाला काही सापडलं, तर ते तुमचं. नाही सापडलं तरी पत्नीबरोबर रोज दहा मिनिटं बसलात, हे पन्नाशीत थोडं नाही.

मुलाला मात्र लवकर गाठा. अकरावीतल्या पोराला 'काय जातं?' हे उत्तर मिळालं की त्याला कळतं ते इतकंच, की या प्रश्नावर बाबा खरं बोलत नाहीत. त्याला सांगा: "मला माहीत नाही. आजोबा आत होते तेव्हा मी घाबरलो आणि हात जोडले. देव आहे असं अजूनही मला वाटत नाही, पण पूर्वीइतकी खात्रीही राहिली नाही." वडिलांच्या तोंडून 'मी घाबरलो' हे ऐकलेली मुलं आपल्याकडे किती असतील?

जाता जाता धंद्यातलंच: इतरांचे नॉमिनी तुम्ही लावून दिलेत, तुमचं स्वतःचं मृत्युपत्र झालंय का? हसू नका. रात्रीच्या धास्तीतला बराच भाग अशा राहून गेलेल्या कागदांचा असतो.

आणि एक. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. पितृदोष त्यांच्या आजारपणावरून निघाला, विधी त्यांच्या आयुष्यासाठी, धावपळ त्यांच्यासाठी. पण तुमचे वडील याबद्दल काय म्हणतात, याची एकही ओळ पत्रात नाही. ते आता शुद्धीवर आहेत, घरी आहेत. गुरुजींना तारीख कळवण्याआधी त्यांच्या खोलीत जाऊन बसा आणि त्यांना विचारा.